मराठी ३० : बोटांचं गणित

लिपिक-टंकलेखकाच्या भरतीला मराठी ३० शब्द प्रतिमिनिटाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून लालबागमधल्या एका क्लासला नाव घातलं. कीबोर्ड इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीची प्रमाण मांडणी. क्लासमध्ये सगळ्यांना एकच उतारा. तोच बडवत राहिलं की बोटं पळायला लागतात. नवा उतारा आला की वेग परत वीस-बावीस शब्दांवर. सरांचं उत्तर ठरलेलं, सराव वाढवा.

मावसभाऊ प्रोग्रामिंग करतो. तो म्हणाला, "ताई, तू सरासरी बघत बसलीयेस. एकेका अक्षराला किती वेळ लागतो ते बघ ना." आणि तसा छोटा प्रोग्राम लिहून दिला. कल्पना जुनीच. गॉर्डन पास्क यांनी १९५६ साली ब्रिटनमध्ये पंचकार्डांवर (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डांवर) काम करणाऱ्या ऑपरेटरांसाठी 'साकी' नावाचं यंत्र केलं होतं. कळ जमू लागली की तिचा वेळ कमी, मदतीचा दिवा मंद; अडखळलात की दोन्ही परत. आमच्याकडे मात्र अजून सगळ्यांना एकच उतारा!

क, र, त झकास होते. गोची ळ आणि ण यांची. ळ ला उजवी तर्जनी खाली आणि शिफ्टवर डावी करंगळी. ण ला हात उलटे, डावं मधलं बोट खाली आणि शिफ्टवर उजवी करंगळी. करंगळी जरा उशिरा पोचली की ळ चा ल होतो आणि ण चा चक्क म. प्रोग्रामने आधी 'पळवाट', 'कारण' असे सुटे शब्द दिले, ते बसल्यावर 'वळण', 'दळण', 'मळणी'. चुका वाढल्या की मुकाट मागे. सुरुवातीला तो एका चुकीलाच मागे जायचा, त्याने नुसती धरसोड व्हायची. मग भावाने शेवटच्या काही प्रयत्नांवर ठरवायला लावलं.

वैताग येतो, हे आधीच सांगते. जरा हात बसला की काम अवघड होतं, त्यामुळे आकडा कधीच छान दिसत नाही. कुर्ल्यापासून दांड्याला लटकून आलेल्या दिवशी तर विचारूच नका. पण क्लासमध्ये अनोळखी उताऱ्यात हात अडेनासे झाले, तेव्हा पटलं.

परीक्षेला शिफ्टची कळ घट्ट होती, पहिल्या दोन ओळी रखडल्या. पास झाले.

प्रोग्राम आता मैत्रिणीकडे आहे. तिचे ळ-ण सुरळीत, सगळा घोळ पाय मोडायच्या कळीचा. तिला सध्या 'मत्स्य' आणि 'स्वातंत्र्य' चालू आहे.