डोंगराच्या पोटातून

नॉर्वेत डोंगर बघायला निघालेल्या माणसाला एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. ते डोंगर निम्मा वेळ आतून बघावे लागतात. फोटोंत निळंहिरवं पाणी असतं, त्यात सरळ उतरलेले कडे असतात, पाण्याकाठी एखादं लाल लाकडी घर असतं. अशा दोन फोटोंच्या मधे बोगदा असतो, तो मात्र कुणी काढत नाही. रस्त्यावरचे हजाराहून जास्त बोगदे आहेत त्या देशात, आणि त्यांतले पुष्कळसे पश्चिमेला, म्हणजे आपण नेमके जिथे फ्योर्ड (डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) बघायला जातो तिथे. बर्गन सोडून वॉसच्या दिशेने लागलं की आमच्या गाडीतलं संभाषण असं चालायचं: "अगं ते बघ, केवढा धबध..." आणि बोगदा. परत उजेड, चार झाडं, पाण्याचा एक तुकडा, "आता बघ, आता ब..." आणि पुन्हा बोगदा.

दादा गेली काही वर्षं स्टाव्हांगरला असतो, तिथल्या तेलाच्या धंद्यात. जूनमध्ये आई-अण्णा, मी आणि माझा मुलगा त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने जोडून सुट्टी काढली आणि सात माणसं मावतील अशी विजेवरची गाडी भाड्याने घेतली. वहिनीने थेपले केले, आईने शेंगदाण्याची चटणी आणली होतीच. बर्गनपर्यंतचा रस्ता दोनदा समुद्रापाशी संपतो आणि गाडीसकट फेरीत चढावं लागतं, ते मुलांना फार आवडलं. बर्गनला पाऊस होता. तिथे वर्षाला साधारण मुंबईइतकाच पडतो म्हणे, फक्त मुंबईचा चार महिन्यांत उरकतो आणि यांचा बारा महिने पुरवून पुरवून वापरतात.

मुलांनी पहिल्या बोगद्यात आरोळी ठोकली. खंडाळ्याच्या घाटात आगगाडी आत शिरली की ठोकायची असते ती. सानू, म्हणजे माझी भाची, जन्माने स्टाव्हांगरची, तिला ही रीत माहीत नव्हती. माझ्या मुलाने ती मोठ्या जबाबदारीने शिकवली. पण खंडाळ्याचे बोगदे संपतात. वॉस यायच्या आत दोघांचे घसे बसले आणि त्यांनी आरोळीचा नाद सोडून मागे पत्ते काढले.

आई वैतागली होती. "एवढे पैसे खर्चून अंधार बघायला आलोय का आपण?" हे ती तीन-चार बोगद्यांनंतर एकदा म्हणायची. तिचं चूक नव्हतं. शिवाय अंधार ही त्या दिवसांत तिथे तशी दुर्मिळच चीज होती. जूनमध्ये त्या भागात सूर्य अकराच्या सुमाराला कुठे मावळतो, आणि नंतरही आभाळ पुरतं काळं होत नाही. रात्री बाराला पडदे ओढून झोपायचं. दिवेलागण नक्की कधी धरायची, हे आईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. थोडक्यात, खराखुरा अंधार हवा असेल तर बोगद्यातच जायला हवं.

अण्णांना मात्र तो मनापासून हवा होता. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षं कोयनेवर गेलेली. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाला तळातून भोक पाडायचं होतं, तेही तो रिकामा न करता. खालून बोगदा खणत न्यायचा, शेवटी कातळाचं एक बूच तेवढं ठेवायचं आणि ते एका दणक्यात उडवायचं, की वरचं पाणी आपसूक खाली. याला लेक टॅपिंग म्हणतात. १३ मार्च १९९९ ला ते झालं. आमच्या घरात वाढदिवस विसरले जातात, ही तारीख नाही. त्या कामात अण्णांचा नेमका वाटा किती, हे मी कधी विचारलेलं नाही, कारण उत्तर लांब येतं. पण ही विद्या मूळची नॉर्वेची, तिथल्या तळ्यांना अशी शेकड्यांनी भोकं पाडलेली आहेत, हे मला शाळेपासून पाठ आहे. त्यामुळे अण्णा नॉर्वेला निघाले ते काशीला निघावं तसे.

बोगद्यात शिरलं की ते काच खाली करायला लावत. "अस्तर नाही बघ. कातळ तसाच ठेवलाय. वर नुसती सिमेंटची फवारणी आणि बोल्ट." दादा म्हणे, "अण्णा, काच वर घ्या, धूर येतोय." अण्णा म्हणत, "विजेच्या गाड्यांचा कसला धूर?" यावर दादाकडे उत्तर नसे, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांत खरोखरच पुष्कळशा विजेवरच्या असत.

गुडवांगेनला खरी पंचाईत झाली. हे गाव नॅरोयफ्योर्डच्या टोकाला आहे. हा फ्योर्ड इतका चिंचोळा, की एका जागी जेमतेम अडीचशे मीटर रुंद उरतो. २००५ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथून फ्लोमला जायला दोन वाटा. बोटीने दोन तास, दोन्ही बाजूंनी धबधबे. किंवा गाडीने, डोंगराखालून, वीसेक मिनिटं. बोटीत गाडी चढत नाही, म्हणजे कुणीतरी गाडी घेऊन जाणं भाग होतं. आई, वहिनी आणि मुलं बोटीत बसली. दादा गाडी चालवणार. अण्णांना कुणी विचारलंच नाही, ते आधीच पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते. मी कुठे जावं यावर थोडी चर्चा झाली आणि त्यांना सोबत म्हणून मला गाडीत टाकण्यात आलं. सगळं जग ज्या दृश्यासाठी पैसे साठवतं, त्याच्या शेजारून मी साडेअकरा किलोमीटर भिंत बघत गेले.

हा गुडवांगा बोगदा संपतो आणि फ्लेन्याचा सुरू होतो, तो आणखी पाच किलोमीटर. दोघांच्या मधे थोडा उजेड आहे, आणि त्या उजेडात एक छोटा रस्ता डावीकडे खाली उतरतो. दादाने गाडी तिकडे वळवली. खाली उंड्रेडाल नावाचं गाव आहे, फ्योर्डच्या काठी, माणसांपेक्षा शेळ्या जास्त असलेलं. बाराव्या शतकातलं पांढरं लाकडी चर्च आहे, आत चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसतील एवढंच. आणि चीजचं दुकान. शेळीच्या दुधाचं चीज केल्यावर जी निवळी उरते, ती तासन्‌तास आटवून हे लोक तपकिरी वडी करतात. सातारचा कंदी पेढा शेळीच्या दुधाचा करून त्यात कुणी चिमूटभर मीठ टाकावं, तशी चव लागते. अण्णा कऱ्हाडचे, त्यांनी दोन वड्या घेतल्या.

दुकानातल्या बाईंना इंग्रजी उत्तम येत होतं. १९८८ पर्यंत या गावाला रस्ताच नव्हता. दवाखाना असो, बाजार असो, लग्नाचं वऱ्हाड असो, सगळं बोटीने. आम्ही फ्लोमला जी बोट गाठायची म्हणून घाई करत होतो, ती आमच्यासाठी सहल होती. त्यांच्या आईवडिलांसाठी ती एसटी होती, आणि वादळ आलं की तीही नाही. मी बाईंना विचारलं, बोगद्यातून जाताना कंटाळा नाही का येत? त्या जरा गोंधळल्या. कशाचा कंटाळा, हे त्यांना कळेना. रस्त्याकडून त्यांची अपेक्षा एवढीच होती, की तो जानेवारीतही असावा.

वरंध घाट पावसात बंद झाला की भोरच्या माणसाला महाडला कसं जायचं हे विचारा, तो हेच सांगेल. पण मी पुण्याची. मला वरंध घाट म्हटलं की भजी आणि धुकं आठवतं.

फ्लोमला बोटीतली मंडळी उतरली ती भारावून. धबधबे, सील मासा (सील मासा नसतो हे सानूने सुधारलं), बोट विजेवरची म्हणून कसा आवाजच नव्हता, एवढ्या शांततेत पुढच्या बाकावरचे काका कसे घोरत होते. आई बोलत होती आणि अण्णा तिला तपकिरी चीज भरवत होते. "अहो, हे बिघडलंय," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा घेतला.

मुक्काम औरलांडला. दुसरा दिवस आईचा होता. औरलांडहून लॅर्डालला जायला डोंगरावरून जुना रस्ता आहे, हिवाळ्यात बर्फाखाली गाडलेला असतो, उन्हाळ्यापुरता उघडतो. चढताना वाटेत स्टेगास्टाइन लागतं. फ्योर्डच्या साडेसहाशे मीटर वर, कड्यातून तीस मीटर हवेत निघालेली लाकडी वाट, आणि टोकाला कठड्याऐवजी नुसती काच. वाट तिथे खाली दुमडते, त्यामुळे लांबून वाटतं की ती माणसं ओतायलाच बांधली आहे. आई थेट काचेपर्यंत गेली. अण्णा मधेच थांबून सांधे बघत राहिले. मला तिथलं स्वच्छतागृहही आवडलं. एवढ्या उंचीवर, स्वच्छ, फुकट, आणि आतून फ्योर्ड दिसणारं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घाटाचं सौंदर्य बायका किती वेळ बघू शकतात, हे मूत्राशयावर ठरतं. त्यामुळे हा माझ्या लेखी स्थापत्याचा कळस आहे.

वर १,३०० मीटरवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती, काही माझ्या मुलापेक्षा उंच. मेंढ्या रस्त्यात बसलेल्या. हॉर्न वाजवला तर त्या बघतात, उठत नाहीत. तिथेच एका थांब्यावर जमिनीखाली काँक्रीटची गुहा केली आहे आणि आत एक अस्वल झोपलंय, माणसांनी टाकलेल्या वस्तूंच्या ढिगावर. मार्क डायन या अमेरिकन कलावंताचं काम आहे ते. मुलं काचेला नाक लावून खालचं सामान ओळखत बसली. अस्वलाचा अर्थ काय, असं वहिनीने विचारलं. आई म्हणाली, "झोपू दे त्याला."

लॅर्डालला उतरलो आणि परतीचा रस्ता अण्णांचा. वर जे पार करायला आम्हांला सबंध दुपार लागली, त्याच्या खालून लॅर्डालचा बोगदा जातो. २४.५ किलोमीटर. याहून लांब रस्त्यावरचा बोगदा जगात नाही. १९९५ ला खणायला घेतला, २००० च्या नोव्हेंबरात राजा हाराल्ड यांनी तो उघडला. ऑस्लो आणि बर्गन यांना जोडणारा, बर्फ आणि फेरी दोन्हींवर अवलंबून नसलेला रस्ता हवा होता, म्हणून हा खटाटोप. बाहेर काढलेला दगड पंचवीस लाख घनमीटर. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तो अण्णांच्या लेखी आजवर मापाचा दगड होता. "म्हणजे करबुडे तीनदा, आणि चौथा पाऊण," ते हिशोब करत म्हणाले. वर डोंगर किती, असं मुलाने विचारलं. काही ठिकाणी १,४०० मीटर. कळसूबाईपेक्षा थोडा कमी.

हे ऐकून गाडीत शांतता झाली, आणि ती टिकली. वीस मिनिटं सरळ, सारखाच पिवळट उजेड, सारखीच भिंत. अशात चालकाला डुलकी येते किंवा भीती वाटू लागते, हे बांधणाऱ्यांनी आधीच ओळखलं होतं. मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन त्यांनी वाटेत तीन मोठी दालनं खोदली, साधारण सहा-सहा किलोमीटरवर. दालनात निळा उजेड आणि खाली कडेने पिवळा, म्हणजे बर्फातून सूर्य उगवतोय असं वाटावं. पहिलं दालन आलं आणि मागून मुलांची आरोळी उठली. आदल्या दिवशीची, बसलेल्या घशाची. या वेळी आईही ओरडली. दादाने बाजूच्या रुंद जागेत गाडी घेतली. अण्णा उतरले, कातळाला तळहात लावून उभे राहिले. "गार आहे," म्हणाले. यापलीकडे काही बोलले नाहीत, हे आश्चर्यच.

स्टाव्हांगरला परतताना दादाने मुद्दाम हार्डांगरची वाट धरली. तिथल्या वाल्लाविक बोगद्यात आत गोल चौक आहे. डोंगराच्या पोटात, निळ्या उजेडात, मधोमध जाडजूड खांब, आणि तीन दिशांना रस्ते. एका फाट्याने बाहेर पडलं की थेट हार्डांगर पुलावर, खांबापासून खांबापर्यंत १,३१० मीटर, आणि पूल संपला की समोर पुन्हा बोगदा, त्यातही चौक. अण्णांच्या सांगण्यावरून आम्ही पहिल्या चौकाला जास्तीच्या दोन फेऱ्या मारल्या. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला नाही. नॉर्वेजियन माणसं चिडली तरी कळत नाही.

शेवटचा बोगदा अगदी घराजवळ. रिफिल्के, १४.४ किलोमीटर, आणि समुद्राखालून. उतार सुरू झाला, कानाला दडे बसले. सगळ्यात खोल जागा समुद्रसपाटीच्या २९२ मीटर खाली आहे, हे दादाने सांगितलं. आईने छताकडे बघितलं.

"वर मासे असतील आता?"

"मासे, बोटी, सगळं," अण्णा म्हणाले. "आणि मधे नुसता कातळ. कोयनेला आम्ही शेवटचं बूच ठेवलं होतं ना, ते जर इथे..."

"अहो," आई म्हणाली, "बाहेर पडल्यावर सांगा."