आधी दाढ, मग इम्प्लांट: पडद्यावर आखलेल्या उपचाराचा माझा अनुभव

रूट कॅनाल झालेल्या माझ्या खालच्या पहिल्या दाढेच्या मुळाला उभी चीर गेली. अशी चीर गेलेली दाढ सहसा वाचवता येत नाही, म्हणून ती काढावी लागली. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारावर टेकवलेला कृत्रिम दात, बसवायचा तर शेजारचे दोन निरोगी दात घासून बारीक करावे लागले असते. ते मला नको होते, त्यामुळे जखम भरल्यावर इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दाढ, करायचे ठरले. या उपचारात डिजिटल तंत्राचा खरा उपयोग कुठे झाला आणि कुठे त्याचा काहीच इलाज चालला नाही, हे उपचार घेऊ इच्छिणाऱ्यांना कळावे, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली तपासणी सीबीसीटी स्कॅनची होती. यंत्र डोक्याभोवती एकदा फिरते आणि मिनिटभरात जबड्याचे त्रिमितीय चित्र तयार होते. नेहमीच्या सपाट एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, पण जाडी दिसत नाही. आणि दात काढल्यानंतर हाड मुख्यतः जाडीतच झिजते, तेही बहुधा गालाकडच्या बाजूने. या स्कॅनमध्ये डॉक्टरांनी माझ्या जबड्याचे पातळ छेद एकेक करून दाखवले. खालच्या जबड्याच्या आतून जाणाऱ्या नसेची नळी त्यांनी प्रत्येक छेदात स्वतः खूण करत रेखली. या नसेला इजा झाली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते, म्हणून इम्प्लांटचे टोक आणि ही नळी यांच्यात किमान 2 मिलिमीटर अंतर राखतात. जिभेकडच्या बाजूला हाड आत वळून खोलगट झालेले असते, हेही मला त्याच दिवशी प्रथम दिसले. तिथे ड्रिल हाडाबाहेर गेले, तर तोंडाच्या तळाशी गंभीर रक्तस्राव होऊ शकतो.

त्यानंतर दातांचे माप घेतले, तेही पेस्ट भरलेल्या ट्रेशिवाय. ट्रे घशाजवळ गेला की ज्यांना उमासे येतात, त्यांना या फरकाचे मोल सांगायला नको. छोटा कॅमेरा दातांवरून ठरावीक क्रमाने फिरतो, असंख्य प्रतिमा घेतो आणि संगणक त्या एकमेकींना जोडत जातो. दात कोरडे ठेवणे मात्र आवश्यक असते, कारण लाळेचा थर राहिला तर पृष्ठभाग चुकीचा नोंदला जातो. शेवटी दात मिटून चाव्याचाही स्कॅन झाला.

माझ्या मते संपूर्ण उपचाराचा गाभा पुढच्या टप्प्यात होता. हाडाचा स्कॅन आणि दातांचा स्कॅन या दोन वेगळ्या फाइली असतात. दोन्हींत दिसणारे दात एकमेकांवर तंतोतंत जुळवून त्या एक कराव्या लागतात. माझ्या दुसऱ्या एका दाताला धातूची कॅप असल्यामुळे सीबीसीटीत तिच्याभोवती पांढरे पट्टे उमटले होते, म्हणून डॉक्टरांनी जुळवणीसाठी कॅप नसलेले दात निवडले आणि जुळवणी छेदांमध्ये पुन्हा तपासली. इथे अर्धा मिलिमीटर जरी सरकला, तरी पुढची सगळी आखणी तेवढीच सरकते. मग त्यांनी पडद्यावर आधी नवी दाढ बसवली आणि तिच्याखाली इम्प्लांट. सॉफ्टवेअरने सुचवलेली जागा हाडाच्या मध्यभागी होती, पण तिथून स्क्रूचे तोंड दाढेच्या कडेला निघत होते. डॉक्टरांनी कोन थोडा बदलला आणि कमी लांबीचा इम्प्लांट निवडला. तो निर्णय सर्वस्वी त्यांचा होता, यंत्राचा नव्हे, आणि म्हणूनच मला त्यांच्याविषयी भरवसा वाटला.

त्या आराखड्यावरून थ्रीडी प्रिंटरने रेझिनचा सर्जिकल गाइड तयार झाला. तो शेजारच्या दातांवर घट्ट बसतो आणि त्यातील धातूच्या कड्यातून ड्रिलला दिशा मिळते. मी डॉक्टरांना विचारले, "गाइड असताना चूक होऊच शकत नाही का?" त्यांनी सांगितले की, गाइड वापरूनही आराखडा आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी मिलिमीटरभर फरक पडू शकतो, आणि ते 2 मिलिमीटर त्यासाठीच राखलेले असतात. गाइडमुळे ड्रिल लांब घ्यावे लागते, त्यामुळे मागच्या दाढांसाठी तोंड पुरेसे उघडते का, हेही त्यांनी आधीच पाहिले होते.

शस्त्रक्रिया भुलेखाली, वेदनेविना झाली. डॉक्टर ड्रिल थांबवून थांबवून चालवत होत्या आणि सतत थंड सलाइन सोडत होत्या. हाडाचे तापमान मिनिटभर 47 अंश सेल्सिअसपर्यंत गेले तरी त्याला इजा होते, आणि गाइडच्या आड पाणी नीट पोहोचत नाही, असे त्याचे कारण होते.

यानंतर हाड इम्प्लांटशी जुळेपर्यंतच्या काळात डिजिटल तंत्र काही करू शकत नाही. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांवरील प्रयोगांत टायटॅनियम हाडाशी एकजीव होते असे आढळले, आणि 1965मध्ये त्यांनी माणसावर पहिल्यांदा उपचार केला. असे एकजीव होण्याची गती आजही हाडच ठरवते. माझ्या बाबतीत नेहमीची सुमारे तीन महिन्यांची मुदत पाळली गेली. लवकर कॅप बसवण्याचा आग्रह मी धरला नाही आणि कोणी धरूही नये.

कॅपसाठी इम्प्लांटवर स्कॅन बॉडी नावाचा छोटा खुंट लावून पुन्हा स्कॅन केला. झिरकोनियाची, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या कठीण सिरॅमिकची, कॅप यंत्रावर मुद्दाम मोठी कोरतात, कारण भट्टीत सुमारे 1500 अंशांवर ती साधारण पाचव्या हिश्शाने आकसते. माझी कॅप पहिल्याच वेळी बसली, तरी चाव्याची तपासणी डॉक्टरांनी रंगीत कागद ठेवून हातानेच केली. नैसर्गिक दाताभोवती असते तसे दाब झेलणारे तंतू इम्प्लांटभोवती नसतात, म्हणून हलक्या चाव्यात पातळ पट्टी सुटून आली पाहिजे आणि जोरात चावल्यावरच अडकली पाहिजे, असे बारीक घासकाम बराच वेळ चालले.

त्याच दिवशी हाडाच्या पातळीचा एक्स-रे काढून ठेवला, पुढच्या तपासण्यांची तुलना त्याच्याशी होईल. मी सगळ्या स्कॅनच्या फाइली, इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक यांची लेखी नोंद मागून घेतली. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि तो फिरवण्याचे हत्यार वेगळे असू शकते, आणि पुढे कधी स्क्रू सैल झालाच, तर दुसऱ्या डॉक्टरांना प्रथम हीच माहिती लागेल.