अवधान

मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेली, दिवसातली दुसरी अंघोळ करून आले आणि टॉवेलनं अंग पुसता पुसता डाव्या काखेत बोट अडलं. वाटाण्याएवढी गाठ. दाबली तर दुखली. परत दाबली, परत दुखली. उजवी काख चाचपली, तिथं काही नाही, मग पुन्हा डावी, असं करता करता लाईट आली आणि मी तशीच फॅनखाली मोबाईल घेऊन बसले. पुढच्या दहा मिनिटांत मला कुठले कुठले रोग झाले ते विचारू नका.

आमच्या आजीकडं मोबाईल नव्हता, एकच शब्द होता, अवधान. लहानपणी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापुरातल्या सिद्धरामेश्वराच्या जत्रेच्या दिवसात तिच्या मागं मागं मिरवणुकीतल्या नंदीध्वजांबरोबर अनवाणी चालले होते, वाटेतल्या 68 लिंगांपैकी माझी किती झाली सिद्धरामेश्वरालाच माहीत, पण दोन दिवसांनी जांघेत गाठ आली. जागाच अशी की सांगायची लाज, लंगडत फिरले. आजीनं जांघेकडं बघितलंसुद्धा नाही, म्हणाली, "अवधान आलंय, पाय दाव." टाचेत काचेचा बारका कण, वरून कातडी मिटलेली. सुई तापवून तो काढला, सहाणेवर रक्तचंदन उगाळून जांघेला लेप लावला, आणि मी गल्ली डोक्यावर घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस कीर्तनात बुवा "अवधान द्या" म्हणाले की मला वाटायचं, आता इथं बसलेल्या सगळ्यांना गाठी येणार.

तर संध्याकाळी डॉक्टरबाईंकडं गेले. हाताला काही लागलं? नाही. मांजरानं ओरबाडलं? नाही. दंडावर लस घेतलीय का एवढ्यात? नाही. वजन कमी झालंय? (कुठलं नशीब!) बारीक ताप, रात्री घाम येतो का? म्हटलं, डॉक्टर, मे महिन्यात, सोलापुरात? त्या हसल्या पण प्रश्न सोडला नाही, कपडे बदलावे लागतील एवढा, फॅन चालू असताना? तसा नाही. मग त्यांनी माझा डावा अंगठा धरून उजेडात नेला. नखाच्या कडेला नखुरडं. आठ दिवसांपूर्वी चटणीसाठी शेंगा फोडताना नखात टरफल घुसलेलं, मी विसरूनही गेले होते. मी डावखुरी, म्हणजे दुपारी त्याच अंगठ्यानं मोबाईल वर सरकवत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

बाई म्हणाल्या, हातातलं इन्फेक्शन वर जायला निघालं की काखेतल्या गाठी ते अडवतात, म्हणून सुजतात. गोळ्या घे, दोन-तीन आठवडे बघू, सारखी दाबत बसू नको. नाही उतरली, वाढली, कडक लागायला लागली तर सोनोग्राफी करू, लागलंच तर सुईनं तपासू. परत एकदा बोटं फिरवली. "दुखतंय ना?"

"हो."

"मग बरंय."

मी हसत हसत चप्पल घालायला वाकले आणि मावशी आठवली. तिचीही काखेतच होती. लिंबाएवढी होईपर्यंत कुणाला बोलली नाही, मूळ छातीत होतं ते नंतर कळलं. आई तिच्यावर किती चिडली होती, इतके दिवस गप्प का बसलीस म्हणून.

"दुखत नव्हती गं," म्हणाली.