हिंद रोडस्टर: पुढचा ब्रेक परत जागेवर

चेनकेस आणि मडगार्डचं काम मागेच उरकलं, त्यामुळे या महिन्यात ब्रेक हातात घेतले. सायकल वरळीच्या कारखान्यातली हिंद, 24 इंची फ्रेम, 28 बाय दीडची चाकं. 1980 मध्ये हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं कायदा करून राष्ट्रीयीकरण झालं, त्याच्या आधीची ही. मूळ पार्ट आता शोधूनच मिळवावे लागतात, पण जुन्या रोडस्टरचे, म्हणजे ताठ बसून चालवायच्या जुन्या सायकलींचे, रॉड ब्रेक (वायरऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे) थोड्याफार फरकाने एकमेकांना बसतात.

सायकल आली तेव्हा पुढचा ब्रेक नव्हताच. उजवा लिव्हर नुसता हलत होता, खालचा रॉड आणि ब्रेकचे रबर धरणारा यू आकाराचा भाग, म्हणजे यू, दोन्ही गायब. पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर आपटतो, असं घरोघरी सांगितलं जायचं, म्हणून कितीतरी लोक तो काढूनच टाकत. मला ही सवय पटत नाही. ब्रेक लावताच वजन पुढे सरकतं, मागच्या चाकाची पकड सैल होते आणि ते घसरायला लागतं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच चाकात असते. रोडस्टरवर आपण ताठ आणि बरेच मागे बसतो, दोन चाकांमधलं अंतरही लांब असतं. मागचा आधी हलका धरून उजवा हळूहळू आवळला, तर ही सायकल उलटण्याइतकी हलकी नाही.

पुढचा उजवीकडेच का, यालाही कारण आहे. आपण डावीकडून चालतो. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा काढून दाखवायचा, ही जुन्या लोकांची पक्की सवय. तेवढा वेळ हँडल डाव्या हातात. अशा वेळी त्या हाताखाली मागचा ब्रेक असलेला बरा, कारण एका हाताने हँडल धरून पुढचा करकचून दाबला तर चाक वाकडं होतं. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, हात डावा दाखवतात, आणि तिथे नियमानेच मागचा ब्रेक उजव्या हाताला असतो. आपल्या मोटारसायकलीचाही पुढचा ब्रेक उजव्याच हाताला, त्यामुळे दोन्ही चालवणाऱ्याचा गोंधळ होत नाही. म्हणून डावी-उजवी बदलायचा विचारच केला नाही.

आता बसवण्याबद्दल. रॉड ब्रेकचे रबर रीमच्या बाजूंना लागत नाहीत, टायरच्या उलट्या, आतल्या अंगाला लागतात. लिव्हर दाबला की रॉड वर खेचला जातो आणि यू खालून रीमवर बसतो. चाक डावी-उजवीकडे थोडं डुलत असलं तरी ब्रेक चालतो, पण वर-खाली असेल तर दर फेऱ्याला एका जागी धरतो आणि लिव्हर बोटांखाली ठोके देतो. आमच्या पेठेतले मिस्त्री काका चाक फिरवून म्हणाले, "दादा, आधी अप-डाऊन काढू, ब्रेक मग." त्यांनी चाक धरणाऱ्या चिमट्याला खडू टेकवून रीमवर खुणा केल्या, तिथल्या तारा आवळल्या, समोरच्या ढिल्या केल्या. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटेपर्यंत ते हलले नाहीत.

मग चिमट्यावरच्या दोन क्लिपा. यूचे दोन्ही पाय त्यांच्यातून सरकतात, एक क्लिप जरा तिरकी असली की ब्रेक सोडल्यावर यू खाली पडतच नाही. पाय पॉलिश पेपरने घासले, थेंबभर तेल दिलं. रबर रीमपासून दोन-तीन मिलिमीटर ठेवले. हँडलची उंची आधी पक्की करा, कारण लिव्हर हँडलवरच असतो आणि हँडल वर-खाली केलं की रॉडची लांबी पुन्हा जुळवावी लागते.

कोरड्या रस्त्यावर ब्रेक मस्त लागतो. ओल्या स्टीलच्या रीमवर रबर आधी नुसतं घसरतं, म्हणून पावसात बरंच आधीपासून हलके दाबून पाणी पुसून घ्यायचं, मग जोर लावायचा.

मागचा अजून व्हायचाय. त्याचा रॉड फ्रेमच्या खालच्या नळीवरून जातो, पायडलजवळच्या कोनाकृती पट्टीवर वळतो, आणि तिची पिन घासून ढिली झाली आहे. अर्धा दाब तिथेच वाया जातो. पुढच्या वेळी लेथवर नवी पिन करून घेणार.