वजन उतरलं, पण त्यात स्नायू किती गेला?

साठी ओलांडलेल्या माणसाचं वजन 72 वरून 66 वर आलं की घरचे खूश होतात. माझं लक्ष त्या 6 किलोंच्या फोडीकडे असतं. साधारण चौथा हिस्सा, म्हणजे दीडेक किलो, चरबी सोडून बाकीच्या वस्तुमानातला जाणार हे धरूनच चालतो. त्याहून बराच जास्त गेला तर काळजी.

बेळगाव-खानापूर भागातल्या आज्जा-आज्जींची मापं मी बहुतेक वेळा उभं राहून घ्यायच्या बीआयए यंत्रावर घेतो. हे यंत्र स्नायू थेट मोजत नाही. अंगातून बारीक वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून हिशेब मांडतं. घोटाळे होतात ते इथेच. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनं पाय सुजले असतील तर ते पाणी स्नायूच्या खात्यात जमा होतं. आहार कमी केला की पहिल्या पंधरवड्यात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू-यकृतात साठवलेली साखर, उतरतं, त्याच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं, आणि कागदावर स्नायू घटलेला दिसतो. म्हणून दुसरं माप 12 आठवड्यांनीच. पेसमेकर असेल तर या यंत्रावर उभंच करत नाही.

पहिल्या वेळी जसं, तसंच दुसऱ्या वेळी. सकाळी उपाशीपोटी, लघवी करून, आदल्या दिवशी शेतातलं जड काम न करता. इन्सुलिन घेणाऱ्यांना उपाशी ठेवत नाही. त्यांची दोन्ही मापं नाश्त्यानंतर ठरावीक वेळेला. खानापूरहून बसमध्ये पाय खाली सोडून आलेल्यांच्या पायात पाणी उतरलेलं असतं, तेव्हा आल्यापासून मापापर्यंत 20 मिनिटं जाऊ देतो. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बोलावत नाही. जोडवी काढायला आज्जी राजी नसतील तर हट्ट धरत नाही, दोन्ही वेळी जोडव्यांसह माप घेतो आणि तसं लिहून ठेवतो. भेगाळलेल्या टाचा ओल्या फडक्यानं पुसाव्या लागतात, नाहीतर आकडा उड्या मारतो. नऊवारी आणि पटका यांचं वजनही विसरू नये.

हातापायांच्या स्नायूंचे किलो भागिले उंचीचा (मीटरमध्ये) वर्ग, हा खरा उपयोगाचा आकडा. म्हातारपणी स्नायू घटण्यावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांत बीआयएवर पुरुषांसाठी 7.0 आणि बायकांसाठी 5.7 च्या खाली गेलं तर कमी समजतात. डेक्सावर (क्ष-किरणांनी चरबी, हाडं आणि बाकीचं वस्तुमान वेगळं मोजणारं यंत्र) बायकांची मर्यादा 5.4 आहे, त्यामुळे एकदा डेक्सा आणि एकदा बीआयए अशी तुलना करण्यात अर्थ नाही. उंची दर वेळी नव्यानं मोजू नका. पाठ वाकली की उंची कमी भरते आणि स्नायू तेवढाच असून आकडा वाढतो.

डेक्सातही चूक असतेच. त्याच माणसाला पुन्हा मोजताना एका यंत्राची चूक 0.3 किलो असेल तर 2.77 नं (दोन मापांतला फरक खरा की चुकीचा हे ठरवायचा नेहमीचा गुणक) गुणून सुमारे 0.8 किलोपर्यंतचा फरक मी खरा मानत नाही.

पोटरीला टेप लावणं स्वस्त, पण वजन उतरताना कातडीखालची चरबीही जाते. नुसत्या टेपवर स्नायू गेला म्हणता येत नाही.

म्हणून ताकद. मुठीची पकड दोन्ही हातांनी किमान दोनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा घेतो. पुरुषांत 28, बायकांत 18 किलोच्या खाली म्हणजे कमी. निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं दुखरी असतात, तिथं पकड कमी भरते ती दुखण्यानं. त्यांच्यासाठी खुर्चीची चाचणी बरी: हात छातीशी धरून पाच वेळा उठबस, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर कमजोरी. खुर्ची लाकडी आणि भिंतीला टेकवलेली हवी, प्लास्टिकची सरकते.

स्नायूचा आकडा घसरला पण उठबस तशीच राहिली, तर महिन्यानं पुन्हा बोलावतो. दोन्ही घसरले तर जेवण आणखी आवळू देत नाही. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं बसतील असं पाहतो. भाकरी आणि पातळ आमटीवर ते भागत नाही. अंडी, दही, घट्ट वरण वाढवावं लागतं, आणि जोडीला आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचा व्यायाम.