काहीच नाही आणि काहीही

"माणसाने देवाला मानणं सोडलं की तो काहीच मानेनासा होतो असं नाही, तो काहीही मानायला लागतो." आणि खाली नाव: जी. के. चेस्टरटन, हा इंग्रज लेखक. नास्तिकतेवर वाद रंगला की हे वाक्य कुणीतरी काढतंच. समोरचा बहुधा गप्प होतो, कारण वाक्य खरंच झकास आहे. फक्त चेस्टरटनच्या छापील लेखनात ते आजवर कुठेही सापडलेलं नाही. त्याच्या जवळपास जे आहे ते जास्त मजेदार आहे, आणि हे वाक्य फेकणाऱ्या मराठी माणसाला जरा अडचणीचंही.

चेस्टरटन 14 जून 1936 रोजी वारला. पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, एमील कामर्ट्स या इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या बेल्जियन कवीने त्याच्यावर 'द लाफिंग प्रॉफेट' नावाचं पुस्तक लिहिलं. वाक्याचा सगळा गुंता या पुस्तकाच्या 211व्या पानावर आहे. तिथे कामर्ट्स चेस्टरटनच्या एका कथेतले उतारे देतोय. आधी अवतरणचिन्हांत एक उतारा येतो: तुमचा सगळा जुना बुद्धिवाद आणि संशयवाद बुडवत ती समुद्रासारखी आत शिरते आहे आणि तिचं नाव आहे अंधश्रद्धा. इथे अवतरण बंद. मग कामर्ट्सचं स्वतःचं वाक्य: देवावर विश्वास नसण्याचा पहिला परिणाम म्हणजे कशावरही विश्वास बसणं. त्यापुढे अपूर्णविराम, आणि पुन्हा अवतरण सुरू: आणि मग कुत्रा शकुन होतो, मांजर गूढ होतं...

म्हणजे दोन खऱ्या अवतरणांच्या मध्ये एक सारांश. घाईत वाचणाऱ्याला वरचंही चेस्टरटनचं, खालचंही चेस्टरटनचं, मग मधलंही त्याचंच वाटलं. दोन अवतरणचिन्हं नजरेतून निसटली, एवढाच काय तो अपघात. आज जे लांब, दुहेरी वाक्य फिरतं ("काहीच नाही असं नाही, तर काहीही") ते तर कामर्ट्सचंही नाही. त्याच्याकडे फक्त दुसरा अर्धा भाग आहे. पहिला अर्धा नंतर कुणीतरी जोडला आणि वाक्याला खरी धार तिथे आली.

अशा शोधात हमखास फसवणारी जागा म्हणजे स्कॅन केलेल्या पुस्तकांचा शोध. तिथे तीन-चार ओळींचा तुकडा दिसतो; अवतरण कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, ते बरेचदा त्या तुकड्याच्या बाहेर राहतं. म्हणून पूर्ण पान, आणि शक्यतो आधीचं नि पुढचंही पान डोळ्यांखालून घातल्याशिवाय "सापडलं" म्हणू नये. नियतकालिकांत तर आणखी घोळ: कधीकधी मालिकेच्या पहिल्या खंडाचं साल प्रत्येक खंडाला चिकटलेलं असतं आणि एखादं वाक्य वीस वर्षं म्हातारं दिसायला लागतं. अंकाचं मुखपृष्ठ पाहिलं की झालं. शिवाय पूर्ण वाक्य शोधून हाती काही लागत नाही, कारण प्रसिद्ध वाक्यं प्रत्येक तोंडात थोडी बदलतात. दोन-तीन न बदलणारे शब्द घेऊन शोधावं. इथे 'पहिला परिणाम' आणि 'काहीही'.

आता मूळ कथा. 'द ऑरॅकल ऑफ द डॉग', 1923. पुढे 1926 च्या 'द इन्क्रेड्युलिटी ऑफ फादर ब्राउन' या संग्रहात ती आली. संग्रहाचं नावच 'फादर ब्राउनचा अविश्वास' असं आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगं. चेस्टरटनने 1922 मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला होता आणि त्याचा हा गुप्तहेर, फादर ब्राउन, कॅथलिक पाद्री आहे. कथेत समुद्रकिनाऱ्यावर काठी टाकून ती आणायला कुत्र्याला पाण्यात धाडण्याचा खेळ चाललेला असतो. एकदा कुत्रा रिकामा परततो आणि केविलवाणं रडतो. मागाहून कळतं की साधारण त्याच वेळी तिकडे घराच्या मालकाचा खून झाला होता. झालं! मुक्या जनावराला कळलं, ही भविष्यवाणीच, असं लोक बोलू लागतात. फादर ब्राउनचं उत्तर एका ओळीचं: काठी बुडाली, म्हणून कुत्रा रडला. लाकडाची काठी बुडत नाही. मग ही का बुडाली, तिच्यात जड असं काय होतं, हा खरा प्रश्न, आणि खुनाचा माग तिथूनच लागतो.

याच कथेच्या शेवटी पाद्रीबुवा चिडून बोलतात. देवावर विश्वास नसण्याचा पहिला परिणाम काय, तर तुमची साधी अक्कल जाते आणि गोष्टी जशा आहेत तशा दिसेनाशा होतात. हे मूळ वाक्य. 'कशावरही विश्वास' हे शब्द त्यात नाहीत. तक्रार आहे ती डोळ्यांबद्दल: समोर ओला कुत्रा आहे, तो कुत्रा म्हणून दिसायला हवा. कामर्ट्सने याचा निष्कर्ष काढला तो चुकीचा नाही, पण निराळा आहे. त्यातल्या त्यात जवळचं वाक्य दुसऱ्या एका कथेत, 1924 च्या 'द मिरॅकल ऑफ मून क्रेसेंट'मध्ये आहे. स्वतःला कट्टर भौतिकवादी म्हणवणाऱ्यांना फादर ब्राउन सुनावतो की तुम्ही सगळे विश्वासाच्या अगदी काठावर तोल सावरत उभे होतात, जवळजवळ कशावरही विश्वास ठेवायला तयार. इथे 'कशावरही' आहे, पण 'जवळजवळ' लावून, आणि खोलीतल्या ठरावीक माणसांबद्दल. सगळ्या नास्तिकांबद्दलचा तो सिद्धांत नव्हे.

अडचण पुढे आहे. शकुन झालेला कुत्रा आणि गूढ झालेलं मांजर यांच्यानंतर पाद्रीबुवांची यादी लांबत जाते: इजिप्तची आणि प्राचीन भारताची बहुदेववादी प्राणिसृष्टी, आणि त्यात हत्ती, साप, मगरी. आणि हे सगळं कशापायी? तर तुम्ही चार शब्दांना घाबरता म्हणून. ते चार शब्द इंग्रजीतले. अर्थ "तो मनुष्य झाला", म्हणजे देव येशूच्या रूपाने माणूस झाला हे ख्रिस्ती तत्त्व. मूळ जागी बसवलं की वाक्य 'देव मानणारे विरुद्ध न मानणारे' असं उरतच नाही. एका बाजूला येशूचा अवतार आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळं. हत्तीच्या तोंडाची नि सापाच्या फण्याची दैवतं त्या 'काहीही'मध्येच पडली आहेत. आपल्या देवाच्या बचावासाठी हे वाक्य वापरणाऱ्याने तेवढं पाहून घ्यावं.

भाषांतरानेही आपली भर घातली आहे. इंग्रजीत 'नथिंग' आणि 'एनिथिंग' यांचा खेळ आहे. मराठीत 'काहीच' आणि 'काहीही' तो सुरेख उतरतो. पण मराठीत नुसतं "काहीही!" म्हटलं की त्याचा अर्थ होतो "वाट्टेल ते बोलतोस". इंग्रजी शब्दात तो हिणवणारा सूर नाही. म्हणून मराठीत हे वाक्य मुळापेक्षा जास्त टोचतं आणि पुरावा न देताच अर्धी लढाई जिंकतं.

तर्काकडे पाहिलं तर पहिला घोळ याच शब्दात आहे. 'काहीही मानतो' म्हणजे जे येईल ते सगळं मानतो, की कुठलीतरी एक भलती गोष्ट मानू शकतो? पहिला अर्थ सरळ खोटा. सगळंच मानणारा माणूस अस्तित्वात नाही. दुसरा अर्थ खरा, पण तो आस्तिकालाही तितकाच लागू. वाक्य बोलताना पहिल्या अर्थाचा जोर आणि अडचण आली की दुसऱ्या अर्थाचा आडोसा, अशी ही सोय आहे.

दुसरा घोळ तपासणीचा. विधान खरं आहे का ते पाहायला चार खाने लागतात: देव मानणारे भोळसट, देव मानणारे चिकित्सक, न मानणारे भोळसट, न मानणारे चिकित्सक. वाक्य तिसऱ्या खान्यातली दोन-चार माणसं दाखवतं आणि थांबतं.

चारही खान्यांजवळ नेणारी एक पाहणी आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2017 मध्ये केलेली, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेली. प्रश्न चार गोष्टींचा होता: अतींद्रिय शक्ती असलेली माणसं, पुनर्जन्म, फलज्योतिष, आणि डोंगर-झाडांसारख्या वस्तूंत वसणारी आध्यात्मिक ऊर्जा. यांतली निदान एक गोष्ट मानणारे ख्रिश्चनांत 61 टक्के निघाले. स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्यांत 22. अज्ञेयवाद्यांत, म्हणजे देव आहे की नाही ते कळू शकत नाही म्हणणाऱ्यांत, 56. आणि 'धर्म वगैरे विशेष काही नाही' म्हणणाऱ्यांत 78. नास्तिकांबद्दल वाक्य सपशेल आपटलं. पण शेवटचा आकडा बघा: धर्माचं लेबल सुटलंय, पण नास्तिकही न झालेला जो गट आहे, त्याच्याबाबत चेस्टरटनच्या पाद्रीबुवांची चीड अगदीच अनाठायी नाही. मात्र हे फक्त अमेरिकेतलं चित्र आहे, आणि पुनर्जन्माला भलत्या समजुतींच्या रांगेत बसवणं हीसुद्धा एका विशिष्ट धर्माच्या खिडकीतून घेतलेली नजर आहे.

विचारांच्या इतिहासात तर उलट उदाहरणं सहज सापडतात. चार्वाक, म्हणजे प्राचीन भारतातले भौतिकवादी, प्रत्यक्षालाच प्रमाण मानतात. अनुमानसुद्धा डोळे झाकून घेत नाहीत. त्यांच्यावर टीका करायची तर ते फार कमी मानतात अशी करावी लागेल. वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा परंपरेतला कुमारिल भट्ट 'श्लोकवार्तिका'त जग निर्माण करणारा ईश्वर नाकारतो, आणि तरी वैदिक विधींच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर माणूस विरळा. शिवाय मनुस्मृतीच्या व्याख्येने नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा, त्यामुळे ईश्वर न मानणारा कुमारिल आस्तिकांत मोडतो. 'देव न मानणारा' याचं भाषांतर डोळे मिटून 'नास्तिक' असं केलं की वाक्य नेमकं कुणाबद्दल आहे तेच हरवतं.

उंबेर्तो एको या इटालियन लेखकाने 2005 मध्ये एका लेखात हे वाक्य वापरलं तेव्हा चेस्टरटनला त्याचं 'श्रेय दिलं जातं' एवढंच लिहिलं, आणि कुणीही म्हटलेलं असो, ते बरोबर आहे अशी पुस्ती जोडली. त्याच्या पुस्तीचा दुसरा भाग मला पटत नाही, पहिला शंभर टक्के पटतो. वाक्य वापरायचंच असेल तर छोटं रूप घ्यावं आणि खाली लिहावं: एमील कामर्ट्स, 1937, चेस्टरटनच्या कथेचा सारांश. चेस्टरटनचंच नाव हवं असेल तर अक्कल जाण्याचं वाक्य घ्यावं, आणि ते हत्ती-सापांच्या यादीसकट घ्यावं.