लीड्समधला माझा आठवडा: शनिवारी इंजिनं, मंगळवारी इस्पितळ

हन्सलेट हा इंग्लंडमधल्या लीड्स शहराचा दक्षिणेकडचा भाग. गोदामं, मोटारदुरुस्तीची वर्कशॉपं, मधूनच विटांची एखादी काळवंडलेली जुनी भिंत. नव्या माणसाने थांबून पाहावं असं तिथे काही दिसत नाही. पण जॅक लेन नावाच्या रस्त्याच्या आसपास एकेकाळी किटसन, हन्सलेट, मॅनिंग वॉर्डल, हडसवेल क्लार्क, फाउलर असे इंजिनांचे कारखाने एकमेकांना खेटून उभे होते. बार्शी लाइट रेल्वेची, म्हणजे आपल्याकडच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीची, सुरुवातीची इंजिनं यातल्याच किटसनने बांधली. मी कुर्डुवाडीची, तिथल्या नॅरोगेज वर्कशॉपमधल्या फिटरची मुलगी. लग्न होऊन लीड्सला आले, इथेच नोकरी केली आणि निवृत्तही इथेच झाले. आपल्या छोट्या गाडीचं माहेर आपल्या घरापासून बसने अर्ध्या तासावर आहे, हे मात्र मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून हन्सलेटची ओढ लागली ती लागलीच.

आपल्याकडच्या तरुण वाचकांसाठी थोडं सांगते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी लाईन १८९७ मध्ये सुरू केली. कुर्डुवाडी स्टेशनला तेव्हा बार्शी रोड म्हणत. तिथून बार्शी गावापर्यंत पहिला टप्पा झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल आणि माणसं नेता येतात, हा कॅल्थ्रॉपचा हिशेब. हे पटवून देण्यासाठी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकले आणि बार्शीला जाणारे डबे आधी इथे चालवून दाखवले. शिपलीकडे जाणारी लोकल आजही त्याच भागातून जाते. मी दर वेळी खिडकीकडची जागा धरते. बाहेर झाडी आणि नदीखेरीज काही दिसत नाही, तरी बघते.

शनिवार माझा मिडलटन रेल्वेचा. जेमतेम मैलभराची लाईन, पण इतिहास मोठा आहे. ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून मंजूर केलेली ही पहिली रेल्वे, साल १७५८. तेव्हा मिडलटनच्या खाणीतला कोळसा घोडे ओढून शहरात आणत. १८१२ मध्ये मॅथ्यू मरेने बांधलेली आणि जॉन ब्लेंकिन्सॉपच्या दातेरी रुळावर चालणारी वाफेची इंजिनं इथे आली. वाफेच्या इंजिनांची पहिली सार्वजनिक रेल्वे म्हणून जिचं नाव घेतात, त्या स्टॉकटन–डार्लिंग्टनच्या तेरा वर्षं आधी! १९६० मध्ये लाईन बंद पडायच्या बेतात असताना विद्यापीठातल्या मंडळींनी ती हातात घेतली आणि तेव्हापासून ती स्वयंसेवकांनीच चालवली आहे. तिकीट देणारी, सिग्नल सांभाळणारी, बॉयलर घासणारी, सगळी बिनपगारी माणसं.

मी संग्रहालयात लोकांना माहिती सांगते आणि सकाळी लवकर पोहोचले तर पितळ पुसायला घेते. इंजिन काही बटण दाबून सुरू होत नाही. पहाटे भट्टी पेटवायची आणि पाणी हळूहळू तापू द्यायचं. घाई केली तर बॉयलरचे पत्रे कमीजास्त प्रसरण पावतात आणि सांधे गळू लागतात. वाफ धरायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात तेल, चहा आणि गप्पा. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण, केलिंग्ली, लीड्स ज्यात येतं त्याच यॉर्कशर परगण्यात २०१५ साली बंद झाली. आता अशा हौशी रेल्वेंना कोळसा परदेशातून मागवावा लागतो, याचं इथल्या जुन्या लोकांना फार वाईट वाटतं.

पण मला खरं सांगायचंय ते मंगळवार आणि गुरुवारबद्दल. त्या दिवशी मी लीड्स जनरल इन्फर्मरीत असते, इथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात. त्याची जुनी इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने १८६० च्या दशकात बांधली. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं भव्य हॉटेल त्याचंच आणि मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवरही त्याचाच. त्या लाल विटांच्या कमानींखालून जाताना मला कधीच परकं वाटत नाही.

हे काम मिळणंही सोपं नाही. अर्ज, ओळखीच्या दोन माणसांची शिफारसपत्रं, पोलीस रेकॉर्डची तपासणी, लसींची चौकशी. मग प्रशिक्षण: आग लागली तर काय करायचं, संसर्ग कसा टाळायचा, रुग्णाची माहिती कशी गुप्त ठेवायची. वॉर्डात जाताना कोपरापासून खाली काही घालायचं नाही, असा नियम आहे. घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, फक्त साधी अंगठी चालते. हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवताना पहिल्यांदा मन कचरलं होतं, हे आपल्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. आता मंगळवारी सकाळी बांगड्या देवघरात काढून ठेवते आणि संध्याकाळी पुन्हा चढवते.

काय करायचं नाही याची यादी मोठी आहे. रुग्णाला उचलायचं नाही. औषधाबद्दल मत द्यायचं नाही. नर्सला विचारल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही, कारण कुणाचं ऑपरेशन असतं तर कुणाला गिळायला त्रास असतो. खुणा ओळखायला शिकावं लागतं. अनेक इस्पितळांत जेवण लाल ट्रेमध्ये आलं की समजायचं, या माणसाला भरवायला मदत लागेल. पलंगापाशी निळ्या फुलाचं चित्र असेल तर स्मृतिभ्रंश आहे, सावकाश बोलायचं. गळ्यात सूर्यफुलांची हिरवी पट्टी असेल तर वरून न दिसणारा काही त्रास आहे.

एवढं सगळं वगळल्यावर उरतं काय? वहिनी फोनवर हेच विचारते. उरते ती सोबत.

आपल्याकडे एक माणूस आजारी पडला की चार माणसं दवाखान्यात जातात. एक केसपेपरच्या रांगेत, एक औषधाच्या दुकानात, एक डबा घेऊन येणार, एक नुसतं उशाशी बसणार. गर्दी होते, डॉक्टर वैतागतात, पण तो माणूस एकटा नसतो. इथे इलाज फुकट, नर्स प्रेमळ, यंत्रं उत्तम, आणि ऐंशीच्या घरातला माणूस हातात पत्र घेऊन एकटाच दारातून आत येतो. मुलं दुसऱ्या शहरात, जोडीदार गेलेला. आठवड्याच्या दिवशी वृद्धांचा मोफत बसपास सकाळी साडेनऊनंतरच चालतो, त्यामुळे दहाच्या सुमारास मुख्य दारापाशी अशा माणसांची एकदम गर्दी होते. पत्रावर विभागाचं नाव, मजला, लिफ्ट कुठली ते सगळं लिहिलेलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला वाचलेलं समजत नाही. त्याला कुणीतरी ‘चला, मी येते’ म्हणावं लागतं. गुंगीचं औषध देऊन करायची तपासणी तर घरी न्यायला कुणी नाही म्हणून पुढे ढकलली जाते, हेही मी पाहिलंय. असं काही पाहिलं की त्या रात्री झोप लागत नाही.

आमच्या बिल्ल्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘हॅलो, माय नेम इज’, आणि पुढे आपलं नाव. यामागे केट ग्रेंजर नावाची यॉर्कशरचीच डॉक्टर आहे. वृद्धांवर उपचार करणारी ही तरुण बाई स्वतः कॅन्सरने आजारी पडली. २०१३ मध्ये इस्पितळात दाखल असताना तिच्या लक्षात आलं की येणारेजाणारे आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. तिने पलंगावरूनच मोहीम सुरू केली आणि ती देशभर पसरली. २०१६ मध्ये ती गेली. मी दिवसभरात कितीतरी वेळा माझं नाव सांगते आणि लोक ते आपापल्या परीने मोडतोड करून उच्चारतात. मला ते आवडतं. नाव कळलं की माणसाचे खांदे जरा सैल होतात.

इथे माझं रेल्वेवेड फार कामी येतं. लीड्समधल्या कामगार वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाला तब्येतीबद्दल विचारलं तर तो ‘ठीक’ एवढंच म्हणतो. हन्सलेटचं नाव काढलं की बोलायला लागतो. एकदा असेच एक आजोबा हृदयाच्या तपासणीसाठी बसले होते. हात थरथरत होते, पाय सारखा हलत होता. बोलता बोलता कळलं की ते तरुणपणी हन्सलेट कंपनीच्या कारखान्यात होते. किटसन १९३८ मध्येच बंद पडलं होतं, पण हन्सलेटचा कारखाना १९९५ पर्यंत टिकला. ब्रिटनमध्ये उद्योगांसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन तिथूनच १९७१ साली इंडोनेशियातल्या एका साखर कारखान्यासाठी गेलं. ते इंजिन त्यांनी तयार होताना पाहिलं होतं. मी म्हटलं, माझा जिल्हाही साखर कारखान्यांचा, आणि माझे आण्णा छोट्या रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. मग त्यांनी आण्णांबद्दल खोदून खोदून विचारलं. हत्यारं कुठली वापरत, सुटे भाग घरीच ओतत का, भोंगा किती वाजता व्हायचा. आत बोलावलं तेव्हा त्यांचा पाय हलायचा थांबला होता. माझा हात धरून म्हणाले, ‘थांबशील ना, लव्ह?’ (‘लव्ह’ म्हणजे इथे आपल्या ‘बाळा’सारखी मायेची हाक.) मी थांबले. (इथे ओळख पटेल असं काही मी लिहीत नाही, तो नियम मला मनापासून मान्य आहे.)

पंजाबी, गुजराती, उर्दू बोलणाऱ्या आजी भेटल्या की मी हिंदीत बोलते. मात्र डॉक्टरांचं बोलणं भाषांतर करून सांगायला मला परवानगी नाही. त्यासाठी शिकलेले दुभाषे असतात. सुरुवातीला हे मला जाचक वाटलं. आता वाटतं, बरोबरच आहे. ऑपरेशनच्या संमतीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर? मी आपली त्या आजींना गाव विचारते, नातवंडं विचारते. तेवढ्यानेही चेहरा फुलतो.

मिडलटनच्या मित्रांना मी आपल्या लाइफलाइन एक्सप्रेसबद्दल सांगितलं, तेव्हा ते थक्क झाले. आगगाडीच्या डब्यात ऑपरेशन थिएटर, १९९१ पासून गावोगावच्या स्टेशनांवर थांबून मोतीबिंदू आणि दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया, त्याही मोफत! रेल्वेच्या जन्मभूमीतल्या माणसांना ही कल्पना ऐकून इतका आनंद झाला की मला त्यांना दोनदा सगळं सांगावं लागलं. माझी मान तेव्हा ताठ झाली होती.

आणि म्हणूनच एक गोष्ट मनात घोळते आहे. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये बार्शी, माढा, करमाळ्याकडून माणसं येतात. बरोबर नातेवाईक असतात, पण तेही तितकेच भांबावलेले. कुठली खिडकी, कुठला नंबर, एक्स-रे आधी की रक्त आधी, कुणालाच ठाऊक नसतं. दुसरीकडे कुर्डुवाडी, सोलापूर, दौंडमध्ये कितीतरी निवृत्त गार्ड, टीसी, स्टेशनमास्तर घरी बसून आहेत. गोंधळलेल्या गर्दीला शांतपणे वाट दाखवण्यात यांचं आयुष्य गेलंय. आषाढीची गर्दी ज्यांनी सांभाळली, त्यांना ओपीडीची गर्दी काय अवघड?

यंदा आषाढीच्या सुमारास मी गावी येणार आहे. आण्णांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या मुलांशी बोलणं सुरू झालंय. आठवड्यातून एक सकाळ, ओपीडीच्या वेळेत, दोघादोघांनी दारापाशी उभं राहायचं, एवढीच सुरुवात. इस्पितळाची रीतसर परवानगी घेऊन. स्वयंसेवकाने काय करायचं आणि विशेषतः काय करायचं नाही, ते मी मराठीत लिहून काढते आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी निवृत्त रेल्वेवाले असतील तर त्यांना हे वाचून दाखवा आणि त्यांना काय वाटतं ते मला कळवा.